लाकडी जमिनीवर लॅमिनेट: थेट अंथरायचं, प्लाय बसवायचा की जुन्या फळ्या उचलायच्या?

जमिनीवर घालायचं लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या, घ्यायला गेलं की पहिला प्रश्न रंगाचा येतो आणि दुसरा जाडीचा. सागाची छटा की अक्रोडाची, 8 मिलीमीटर की 12. खाली काय आहे हे विचारलं गेलंच तर सगळ्यात शेवटी, पट्ट्या पसंत पडून झाल्यावर. खाली सिमेंटचा कोबा असेल तर हा क्रम एक वेळ चालून जातो. खाली तुळया आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या असतील तर मात्र उलट्या टोकाने सुरुवात करायला हवी. आधी त्या फळ्यांचं काय करायचं ते ठरवायचं, मग अस्तर, म्हणजे लॅमिनेटखाली घालायचा फोमसारखा थर, आणि अगदी शेवटी लॅमिनेट.

फळ्यांचं काय करायचं याला तीन उत्तरं आहेत. आहेत तशा ठेवून, मधे फक्त फोम घालून वर लॅमिनेट अंथरणं. फळ्यांवर पातळ प्लायवूडचा थर बसवून मग लॅमिनेट घालणं. किंवा फळ्या उचलून, तुळया तपासून, नवा पाया करून त्यावर लॅमिनेट घालणं. तिन्ही रस्ते बरोबर असू शकतात. चुकतं ते तिसऱ्याची गरज असलेल्या जमिनीवर पहिला रस्ता धरला की.

असं का होतं ते कळायला लॅमिनेटची पट्टी कडेने बघायला हवी. मधला गाभा म्हणजे लाकडाच्या तंतूंचा प्रचंड दाबाखाली केलेला घट्ट बोर्ड, ज्याला एचडीएफ म्हणतात. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक थर, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण. हा वरचा थर इतका कठीण असतो की घरातल्या चालण्याने तो सहजी झिजत नाही. पण दोन पट्ट्यांना धरून ठेवणारी जी जीभ असते ती त्याच एचडीएफमधून कोरलेली, जेमतेम काही मिलीमीटर जाडीची. या जमिनीला खिळा नसतो आणि गोंदही नसतो. सगळ्या पट्ट्या एकमेकींना अडकून एक चादर होते आणि ती आपल्या वजनावर पडून राहते, म्हणून तिला तरंगती जमीन म्हणतात. स्वीडनमधल्या पेर्स्टोर्प कंपनीने 1977 मध्ये हे फ्लोअरिंग तयार केलं तेव्हा सांधे गोंदाने चिकटवावे लागत. बिनगोंदाची क्लिक पद्धत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तिने काम फार सोपं केलं, पण तेव्हापासून सगळा भरवसा त्या बारीक जिभेवर आहे.

खालची फळी पायाखाली दबत असेल तर दर पावलाला ही जीभ बिजागरीसारखी वाकते. दिवसातून शंभरदा, महिनोन्‌महिने. मी सुरुवातीच्या काळात बसवलेली एक खोली दोन वर्षांनी उघडावी लागली. दारातून आत शिरल्यावर तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक सांधा उघडा पडला होता, नख आत जाईल एवढा. पट्ट्या उचलल्या तेव्हा फोमवर त्या सांध्याच्या सरळ रेषेत तपकिरी पिठासारखा भुगा पसरलेला होता. जीभ दळली गेली होती, अक्षरशः. फोम बाजूला केला तर खाली दोन जुन्या फळ्या, एक दुसरीपेक्षा 4 मिलीमीटर वर. सरळ पट्टा ठेवून बघितला असता तर त्याच दिवशी दिसलं असतं आणि अर्ध्या तासात रंध्याने निघालं असतं. मी फोम त्या खाचेला भरून काढेल असं धरून चाललो होतो. फोम काहीही भरून काढत नाही.

निर्णयाआधीचा एक तास

अनवाणी चाला. चपला-बूट घालून जे कळत नाही ते तळव्याला लगेच कळतं. भिंतीच्या कडेने, मग मधून, मग दारात, टाच जरा आपटत. फळी कुरकुरते कुठे, दबते कुठे आणि अख्खी जमीन हलते कुठे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खडूने तीन वेगळ्या खुणा करा. कुरकुर म्हणजे बहुतेक वेळा सैल झालेला खिळा, फळी त्याला घासून वरखाली होते. दबणं म्हणजे फळी तुळईवर टेकलेली नाही. टाच आपटल्यावर कोपऱ्यातल्या कपाटातली भांडी किणकिणली तर दुखणं फळीचं नाही, तुळईचं आहे.

मग 2 मीटरचा ॲल्युमिनियमचा सरळ पट्टा जमिनीवर ठेवून खालून उजेड कुठे दिसतो ते बघा. बहुतेक कंपन्या 2 मीटरमध्ये 3 मिलीमीटरच्या आसपास फरक चालवून घेतात, काही 3 मीटरला 5 असं सांगतात. तुमच्या खोक्यावर लिहिलेला आकडाच खरा. एक गोष्ट लक्षात ठेवायची. सपाट आणि समतल हे दोन वेगळे. अख्खी खोली एका बाजूला थोडी उतरती असेल तर लॅमिनेटला त्याचं काही वाटत नाही. मधेच उंचवटा किंवा खळगा असेल तर वाटतं.

ओलीची तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहते. लाकडात दोन सुया टोचून मोजणारं ओलावा-मापक मिळतं. फळ्यांमध्ये 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओल दिसली तर काम थांबवायचं आणि पाणी कुठून येतं ते शोधायचं. बाहेरच्या भिंतीलगत, बाथरूमच्या दारापाशी आणि नळाची पाइप फळीतून वर येते तिथे हमखास मोजा. टोच्याने टोचून बघा. चांगलं लाकूड टोच्या अडवतं, कुजलेलं त्याला गिळतं. पिठासारखा भुसा किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर कीड किंवा वाळवी आहे, आणि मग तीनपैकी पहिले दोन रस्ते आपोआप बंद होतात.

पहिला रस्ता: फळ्यांवर थेट

सगळ्यात कमी काम आणि सगळ्यात कमी उंची इथे लागते. 8 मिलीमीटरची पट्टी आणि 2 ते 3 मिलीमीटरचं अस्तर, म्हणजे जमीन 10-11 मिलीमीटरनं वर येते. तयारी नीट झालेली असेल तर मध्यम आकाराची खोली दोन माणसं एका दिवसात उरकतात.

तयारी म्हणजे काय, तर सैल फळ्या तुळईत स्क्रूने आवळणं, वर आलेले खिळे ठोकून आत बसवणं, बाक आलेल्या फळ्यांच्या कडा रंध्याने किंवा मशीनने उतरवणं. स्क्रूची लांबी विचारपूर्वक घ्या. फळी अधिक तुळईत अडीच-तीन सेंटिमीटर पुरे. जुन्या घरांत फळ्यांच्या अगदी खालून वायरी आणि पाइप गेलेले असतात, आणि तुळईच्या बाहेर मारलेला लांब स्क्रू त्यांना गाठतो. कुरकुर आत्ताच मिटवायची. वरून लॅमिनेट घातल्यावर ती थांबत नाही, फक्त हाताला लागत नाही.

या रस्त्याची खरी अट दिशेची आहे. लॅमिनेटच्या पट्ट्या जुन्या फळ्यांना आडव्या, काटकोनात जायला हव्यात. मग एकेक पट्टी अनेक फळ्यांवरून जाते आणि त्यांचे लहान फरक वाटून घेते. समांतर घातल्या तर कुठेतरी लॅमिनेटचा लांब सांधा दोन फळ्यांच्या फटीवरच येतो. हवेतला दमटपणा बदलला की फळ्या कडेला उचलतात किंवा बसतात, आणि तो सांधा दोन्हीकडून ढकलला जातो. खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने पट्ट्या घालाव्यात असं सांगितलं जातं, कारण सांध्यांच्या सावल्या कमी दिसतात. ते खरंही आहे. पण उजेडाची दिशा आणि जुन्या फळ्यांची दिशा एकच असेल तर या रस्त्यावर उजेड सोडून द्यायचा. ते पटत नसेल तर दुसरा रस्ता.

थेट अंथरण्याचा आणखी एक फायदा फारसा बोलला जात नाही. हे परत उचलता येतं. जुन्या फळ्या चांगल्या लाकडाच्या असतील आणि आज त्यांना घासून पॉलिश करायची सवड नसेल, तर लॅमिनेट त्यांना झाकून सांभाळून ठेवतं. काही वर्षांनी पट्ट्या सोडवल्या की फळ्या जशाच्या तशा. प्लायवूड बसवला की त्याच फळ्यांना शेकडो भोकं पडतात.

दुसरा रस्ता: मधे प्लायवूड

फळ्या मजबूत आहेत पण प्रत्येकीला थोडा बाक आहे, फटी आहेत, गाठी वर आल्या आहेत, किंवा दिशा जुळत नाही. अशा जमिनीसाठी 6 मिलीमीटरचा प्लायवूड हे सगळ्यात समाधानकारक उत्तर आहे. तो फळ्यांना एकमेकींशी बांधतो, फटी झाकतो, आणि लॅमिनेट हव्या त्या दिशेने घालायची मोकळीक देतो. पायाखालचा फरक लगेच जाणवतो. थेट अंथरलेल्या जमिनीवर चालताना जो हलका पोकळ आवाज येतो तो बराच खाली बसतो.

पण प्लायबद्दल एक मोठा गैरसमज आहे आणि त्याने अनेकांचे पैसे वाया जातात. प्लाय जमीन सपाट करतो असं नाही. 6 मिलीमीटरचा प्लाय स्क्रूने आवळला की खालचा उंचवटा जसाच्या तसा घेऊन बसतो, जशी गादीवरची चादर गादीचा आकार घेते. दोन-तीन मिलीमीटरचे बारीक खाचखळगे तो पचवतो. हातभर रुंद उंचवटा तो फक्त वर उचलून धरतो. तो आधीच उतरवायला हवा. मोठा खळगा असेल तर तिथे प्लायचे किंवा जाड कागदी पुठ्ठ्याचे पातळ तुकडे, एकावर एक, कडेकडे लहान होत जातील असे भरून घ्यायचे.

इथे कोणीतरी सिमेंटचा सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतला की आपोआप सपाट पसरणारा, मसाला ओतायचं सुचवतं. कोब्यावर तो उत्तम. लाकडावर साधा मसाला तडकतो, कारण लाकूड हलतं आणि तो हलत नाही. लाकडासाठी तंतू मिसळलेला खास मसाला मिळतो, प्रायमर लावून तो चालतो. पण वजनाचा हिशेब करा. 1 चौरस मीटरवर 1 मिलीमीटर जाडीला साधारण दीड ते पावणेदोन किलो मसाला लागतो. 12 चौरस मीटरच्या खोलीत सरासरी 10 मिलीमीटर ओतला तर जवळपास दोनशे किलो कायमचं वजन त्या जुन्या तुळयांवर आलं. आधीच झोल आलेल्या तुळईवर हे लादणं मला कधीही मान्य होणार नाही.

बसवताना शिटांचे सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवायचे, चार कोपरे एका जागी येऊ द्यायचे नाहीत. दोन शिटांत नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची, भिंतीपासून बोटभर. स्क्रू कडेने साधारण 15 सेंटिमीटरवर, मधे 20 ते 25 वर, आणि प्रत्येकाचं डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली. तळहात फिरवून बघा. एखादं डोकं हाताला टोचलं तर ते अस्तरातूनही टोचणार. मी शेवटी रुंद पटाशी जमिनीवर आडवी ठेवून सरकवत नेतो. वर राहिलेल्या स्क्रूला ती अडून टिणकन वाजते.

उंची आता 16-17 मिलीमीटर झाली. खोलीतली दारं तर कापावी लागतीलच, ते दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट जिन्यावर आहे. वरच्या मजल्याची जमीन वर आली की जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा तेवढीच उंच होते. चढताना पाय सवयीने पडतो, आणि दीड-दोन सेंटिमीटरचा फरक माणसाला पाडायला पुरतो, म्हाताऱ्या माणसाला तर नक्कीच. जिना थेट त्या जमिनीवर उघडत असेल तर प्लाय घालण्याआधी याचा विचार करा. बहुतेक जण काम झाल्यावर करतात.

तिसरा रस्ता: फळ्या उचलून नव्याने

नाव काढलं की लोक घाबरतात. धूळ, आवाज, खोली रिकामी करणं, कटावणीने फळ्या उचलताना निघणारे वाकडे खिळे. आणि उघडल्यावर काय दिसेल याची धास्ती. पण टाच आपटल्यावर अख्खी जमीन हलत असेल, तुळईला झोल असेल, कीड किंवा कूज असेल, तर याला पर्याय नाहीच. अशा जमिनीवर थेट किंवा प्लाय घालून केलेलं काम म्हणजे तेच काम दोनदा करणं, आणि दुसऱ्यांदा महाग लॅमिनेट फेकून देऊन.

उघडल्यावर हाताला येणाऱ्या गोष्टी मोलाच्या आहेत. झोल आलेल्या तुळईच्या बाजूला नवं लाकूड बोल्टने जोडून ती जोडतुळई करता येते, आणि नव्या लाकडाचा वरचा काठ ओळीत ठेवला की सगळी जमीन एका पातळीत येते. वर-खाली असलेल्या तुळयांवर पातळ पट्ट्या ठोकता येतात. तुळयांच्या मधल्या पोकळीत खनिज लोकर भरता येते, आणि खालच्या खोलीत जाणारा बोलण्याचा आवाज कमी करायला अस्तरापेक्षा ती जास्त कामी येते. जुन्या वायरी बदलता येतात. मग वर 18 किंवा 22 मिलीमीटरचा प्लाय किंवा जीभ-खाच असलेला बोर्ड. तुळया 40-45 सेंटिमीटरवर असतील तर 18, 60 वर असतील तर 22.

आणि उंची? इथेच लोकांचा अंदाज चुकतो. जुन्या फळ्या निघाल्या, त्यांच्या जागी जवळपास तेवढ्याच जाडीचा बोर्ड आला. वर फक्त अस्तर आणि लॅमिनेट. म्हणजे सगळ्यात मोठं काम करूनही जमीन प्लायच्या रस्त्यापेक्षा खाली राहते. जिन्याची पायरी किंवा ठेंगण्या दाराची चौकट हीच अडचण असेल तर हा मुद्दा निर्णय फिरवू शकतो.

जमीन तळमजल्याची असून तुळयांखाली उघडी माती असेल तर उघडलेली असतानाच मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरा आणि भिंतीतले झरोके मोकळे करा. ओल तिथेच अडवायची असते.

अस्तराबद्दल, जरा सविस्तर

कारण इथे दुकानातला सल्ला बहुतेक वेळा कोब्यासाठीचा असतो. कोब्यावर लॅमिनेटखाली प्लॅस्टिकचा ओलरोधक थर हवाच. तोच सल्ला डोळे झाकून लाकडी जमिनीवर लावला तर नुकसान होतं. लाकूड खालून ओल घेतं आणि वरून सोडतं. वर प्लॅस्टिक आलं की ती ओल फळीत अडकते, आणि फळ्या वरून कोरड्या दिसत असताना खालून काळ्या पडू लागतात. त्यामुळे लाकडी पायावर श्वास घेणारं अस्तर घ्या, ज्याच्या पाठीला चकचकीत फॉइल किंवा प्लॅस्टिक चिकटवलेलं नाही. एखाद्या कंपनीने स्वतःच्या सूचनापत्रात लाकडासाठीही ओलरोधक थर सांगितला असेल तर तिची हमी टिकवायला तिचंच ऐकावं लागेल. पण आधी ओल मोजून.

पांढरा किंवा निळा साधा फोम, 2 मिलीमीटरचा, स्वस्त आणि हलका. सपाट प्लायवर तो पुरतो. काही वर्षांत जास्त वर्दळीच्या जागी तो दबून कागदासारखा होतो. 3 ते 5 मिलीमीटरच्या कडक एक्सपीएस, म्हणजे थर्मोकोलच्या जातीच्या घट्ट, शिटा बारीक खाचा जास्त चांगल्या झाकतात, दबत नाहीत, पण पावलांचा आवाज थोडा टकटकीत ठेवतात. लाकडाच्या भुशापासून केलेले साधारण 5 मिलीमीटरचे फायबर बोर्ड मला जुन्या फळ्यांवर थेट घालायला सगळ्यात आवडतात. ते श्वास घेतात, लहान फरक पचवतात, आणि पायाखाली भरीव वाटतात. त्यांची किंमत उंचीत मोजावी लागते, आणि पाणी सांडून आत गेलं तर ते फुगतात. कॉर्क आणि जड रबर आवाज कमी करायला उत्तम. खाली दुसरं कुटुंब राहत असेल तर इथे हात आखडू नका.

मऊ म्हणजे चांगलं, हे गणित मात्र पूर्ण चुकीचं. हाताने दाबल्यावर गुबगुबीत वाटणारं अस्तर म्हणजे सांध्याखाली उशी. पुन्हा तेच, जीभ वाकणार. दोन थर एकावर एक घालायचे नाहीत. आणि पट्टीच्या पाठीला आधीच अस्तर चिकटवलेलं असेल तर खाली आणखी काही नको.

आणि लॅमिनेटच का?

हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. लाकडी पाया असण्याचा एक फायदा असा की त्यात खिळा धरतो. कोब्यावर हे सुख नाही. त्यामुळे खऱ्या लाकडाचा वरचा थर असलेल्या, 14 मिलीमीटरच्या आसपासच्या इंजिनिअर्ड पट्ट्या इथे थेट ठोकून बसवता येतात. त्या तरंगत नाहीत, पोकळ वाजत नाहीत, आणि वरचा थर 3-4 मिलीमीटरचा असेल तर पुढे घासून नव्यासारख्या करता येतात. लॅमिनेट घासता येत नाही. छापील कागदावरचा थर मिलीमीटरचाही नसतो, ओरखडा खोल गेला की ती पट्टी बदलायची. त्यासाठी एक खोकं जास्तीचं घेऊन ठेवावं, कारण तीच छटा काही वर्षांनी मिळेलच असं नाही.

जुन्या फळ्या जाड, सरळ आणि एकसारख्या लाकडाच्या असतील तर त्या घासून पॉलिश करणं हाच सगळ्यात सुंदर शेवट आहे, असं मी मनापासून सांगेन. उंची वाढत नाही, दारं कापावी लागत नाहीत. फक्त जुना रंग असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता असते, तो तपासल्याशिवाय मशीनने घासू नका. ती धूळ लहान मुलांसाठी विशेष घातक आहे.

एसपीसी, म्हणजे दगडी भुकटी आणि प्लॅस्टिकच्या गाभ्याच्या पट्ट्या, पाण्याला लॅमिनेटपेक्षा खूपच सरस. स्वयंपाकघरासाठी मी त्याच घेईन. पण त्या 4 ते 6 मिलीमीटरच्याच असतात आणि सांधा आणखी नाजूक. त्यामुळे खालची जमीन जास्तच काटेकोर लागते. लाकडी फळ्यांवर एसपीसी थेट घालायचं धाडस करू नये, प्लाय हवाच.

लॅमिनेट कुठे जिंकतं? झोपायची खोली, बैठक, अभ्यासाची खोली. ओल नाही, वर्दळ आहे, आणि पायाखाली लाकडासारखं दिसायला हवं आहे पण देखभालीला वेळ नाही. झिजेचा दर्जा एसी3 घरासाठी पुरतो, दारालगतच्या जागेला एसी4 घ्या. हा दर्जा फक्त पृष्ठभागाच्या झिजेचा आहे, पाण्याचा किंवा सांध्याचा नाही. आणि 12 मिलीमीटरची पट्टी 8 पेक्षा भरीव वाजते हे खरं, पण ती वाकड्या जमिनीचा इलाज नाही. माझ्याकडे उरलेले पैसे 4 मिलीमीटर जादा जाडीवर घालायचे की खालच्या प्लायवर, असा प्रश्न आला तर मी दर वेळी प्लायवर घालीन.

दिशा आणि ओळी ठरवताना

रस्ता ठरला की खोकी त्याच खोलीत, आडवी, न उघडता 48 तास ठेवायची. तोवर कागदावर ओळी मांडा. खोली 3.30 मीटर रुंद, पट्टी 19.2 सेंटिमीटरची. दोन्ही भिंतींना प्रत्येकी 1 सेंटिमीटर फट सोडली तर उरले 328. त्यात 17 ओळी बसतात, म्हणजे 326.4, आणि शेवटी राहतो 1.6 सेंटिमीटरचा कपचा. तो ना धड कापता येतो, ना जिभेत धरतो. शेवटची ओळ निदान 5 सेंटिमीटरची हवी. मग तो 1.6 आणि एक पूर्ण पट्टी मिळून 20.8, त्याचे दोन भाग करायचे. पहिली आणि शेवटची ओळ 10.4 सेंटिमीटरची, मधे 16 पूर्ण ओळी. दोन्ही भिंतींशी सारखी पट्टी दिसते.

भिंतीची फट सोडायचा ठोकताळा असा की खोलीच्या दर मीटर रुंदीला दीड मिलीमीटर, आणि कमीत कमी 8 ते 10. लाकडी पायावर मी 10 च्या खाली जात नाही, कारण इथे वरची चादरही हलते आणि खालची जमीनही. पाइपभोवती, चौकटीभोवती, उंबरठ्यापाशी तीच फट. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही. एकच खिळा लॅमिनेटमध्ये गेला तर अख्खी चादर तिथे अडकते आणि फुगवटा दुसऱ्या टोकाला येतो. भिंतीतली जड कपाटं किंवा ओटा लॅमिनेटवर उभा करायचा नाही, तो आधी बसवून पट्ट्या त्याच्याभोवती न्यायच्या.

लागोपाठच्या दोन ओळींतले आडवे सांधे निदान 30 सेंटिमीटर चुकवायचे. दाराच्या चौकटीला खाच मारण्याऐवजी चौकटच खालून करवतीने कापायची. लॅमिनेटचा एक तुकडा आणि अस्तराचा एक तुकडा चौकटीशी ठेवून त्यावर करवत आडवी टेकवली की नेमकी उंची मिळते. त्या खाली पट्टी तिरकी करून क्लिक करता येत नाही. मग खाचेचा वरचा काठ पटाशीने हलकेच उतरवायचा, लाकडी गोंदाची बारीक रेघ द्यायची, आणि पट्टी सपाट सरकवून ठोकळ्याने आत घ्यायची. गोंद वाळेपर्यंत त्या दारातून कोणाला जाऊ देऊ नका.